कुंकू न लावलेलं घर

अकोल्याच्या प्रशिक्षणातून मी एक जाड फाइल आणि उठलेलं डोकं घेऊन परत आले. गावावर कोणकोणती संकटं येऊ शकतात, ती कितीदा येतात आणि आली तर आधी कोण मरेल, हे गावकऱ्यांना बसवून ठरवायचं आणि फाइलमध्ये भरायचं, असं ते काम. ‘आधी कोण मरेल’ असं अर्थात कुठे छापलेलं नव्हतं. ‘जोखमीची घरं’ असं छापलं होतं. चांदूर बाजार तालुक्यातल्या एका गावात मी आरोग्य सेविका आहे. नोकरीला वीस वर्षं होत आली, तरी कागदावरच्या शब्दातलं माणूस दिसायला मला अजून वेळ लागतो.

मार्चमध्ये समाजमंदिरात बायका जमवल्या. फवारणीची विषबाधा, नाल्याचा पूर, दूषित पाणी यांना सगळ्यांनी भराभर गुण दिले. उन्हाचं विचारलं तर एकजण म्हणाली, “ऊन काय संकट हाय सिस्टर? ते तं दरसालच राह्यते.” मी शिकवल्याप्रमाणे समजावून सांगितलं आणि उन्हाला पाचपैकी पाच लिहून टाकले.

मग फरशीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा होता. बायकांनी तो फार सुरेख काढला. शाळेवर झेंडासुद्धा काढला. आता ज्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं, बाई गरोदर आहे किंवा कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्या घरावर लाल ठिपका द्यायचा. उन्हाळ्यात पारा फार चढला की गावच्या आशाताईने दुपारी त्या घरांत जायचं, चौकशी करायची, ओआरएस द्यायचं, आणि गरज वाटली तर माणसाला समाजमंदिरात कूलरपुढे आणून बसवायचं. ठिपका असला तर कोणीतरी येणार, नसला तर कोणी येणार नाही, इतकं ते सरळ होतं.

लाल रांगोळी आणायला मी विसरले होते. “कुंकू आणू काय?” असं गल्लीतल्या एका सुनेने विचारलं आणि मी म्हटलं, चालते. माझी चूक इथून सुरू होते, आणि ती मी कोणावर ढकलणार नाही.

ती सून करंडा घेऊन आली. तिला पाचवा महिना होता. “पयले सोताच्या घरावर लाव वं,” म्हणत बायकांनी तिला चिडवलं. तिने लाजत आपल्या घरावर बोट टेकवलं आणि मग ते शेजारच्या घराकडे नेलं. टिनाची एक खोली होती ती. तिथे एक विधवा आजी एकटी राहायची. त्या दिवशी ती खांबाला टेकून आमच्यातच बसली होती.

“माह्या घराले कुंकू नोको लावू,” आजी म्हणाली. “दोन जिवाची बाई हायेस तू.”

बसमध्ये सरकून दुसऱ्याला जागा द्यावी इतक्या सहज ती हे बोलली. सुनेचा हात मागे आला. अगं, हे कुंकू नाही, नुसती खूण आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. ते मला जमलं नाही, कारण वडील गेल्यापासून अकोल्याला माझ्या आईसमोरून हळदीकुंकवाचं ताट मीच पुढे नेत आले आहे. आजीचं घर नंतर हाताने लिहून घेऊ, असं मनाशी म्हटलं. तेवढ्यात चहा आला. पंख्याने रांगोळी उडू नये म्हणून तो बंद केला होता, सगळ्या घामाघूम झाल्या होत्या, म्हणून घाईने फोटो काढला. आठवड्याने तो फोटो मोबाइलवर मोठा करून लाल ठिपके पाहत मी यादी केली आणि खाली सही ठोकली.

मे महिन्यात आमची आशाताई लेकीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेली. तिच्या जागी शेजारच्या गावातली आशा आली. तिला आमचं गाव ठाऊक नव्हतं, यादी ठाऊक होती. उन्हाचा इशारा आला तसं तिने तिन्ही दिवस भर दुपारी ठिपक्यांची सगळी घरं केली. रोज ती त्या सुनेच्या दारात उभी राहिली, पाय सुजलेत का पाहिलं, घरातच पडून राहा म्हणाली. पलीकडच्या दारावरून ती तशीच पुढच्या गल्लीत गेली. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास सुनेने भिंतीवरून आजीला हाक मारली, तेव्हा ओ आली नाही. मी पोचले तोवर सगळं संपलं होतं. कोपऱ्यातल्या माठात पाणी होतं. आजी त्याच्यापासून दोन हातांवर पडली होती.

अहवालात एक प्रश्न होता: मृत व्यक्ती जोखमीच्या यादीत होती काय? मी ‘नाही’वर खूण केली. वरून साहेबांचा फोन आला. “यादीत नव्हती ना? मग आपल्यावर काही येत नाही.” फोन ठेवताना मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला अजून वाटते. पुढे समाजमंदिरात आणखी एक कूलर बसला. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

यंदा नकाशा काढताना मी ठिपक्यांसाठी पिशवीभर ज्वारी नेली. तीच सून पोराला कडेवर घेऊन आली आणि घराघरावर दाणे ठेवू लागली. स्वतःच्या घरावर तिने काही ठेवलं नाही. शेजारच्या घरावर मात्र एक दाणा ठेवला. त्या घराला वर्षभर कुलूप आहे.

“तिथं आता कोणी राहत नाही,” मी हळूच म्हटलं.

“मले माहीत हाय, सिस्टर,” ती म्हणाली. “मीच हात मांगं घेतला होता.”

तिने दाणा उचलला नाही, मीही उचलायला लावला नाही. फोटो काढला. घरी येऊन यादी केली, तेव्हा ते घर गाळलं नाही. नावाच्या रकान्यात आजीचंच नाव लिहिलं.