नळीभाऊजींचा भात

स्वतःच्या लघवीबद्दल इतक्या उत्साहाने बोलणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. पोलादाच्या प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये, शेजारच्या क्वार्टरात राहणारे हे भाऊजी त्याच प्लांटमध्ये फिटर होते. रोज पहाटे मागच्या अंगणात काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटेसारखं लाल झालं तर भरपूर. नळी उजेडात धरून ते कुंपणावरून मला दाखवायचे. मी नवी नवरी, तोंडाला पदर लावून बघायची. ओळीत सगळे त्यांना नळीभाऊजीच म्हणत.

भाऊजी भंडाऱ्याकडचे, भातावर वाढलेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि भात बंद केला. बुटाने घासून पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, ती काही केल्या भरेना. अंगठा कापावा लागला असता, तर उंचावर चढायचं कामही गेलं असतं.

पण भाऊजींना प्रश्न पडला की सगळाच भात वाईट कसा? प्लांटमधले छत्तीसगढी सोबती सकाळी बासी खात, म्हणजे रात्री पाण्यात घातलेला भात. ते पाण्यासकट खात. भाऊजींनी पाणी फेकून नुसती शितं खायला सुरुवात केली. साखर पाण्यात उतरून जाते, असा त्यांचा हिशेब. आणि पहाटेची नळी तर निळीच राहायची. जखम मात्र तशीच.

एकदा नाइट शिफ्टवरून ते भुकेने कासावीस होऊन आले. आधी बासी खाल्ली, आंघोळबिंघोळ आटोपली आणि मग नळी तापवली. लाल. ती लाल नळी घेऊन ते आमच्या दारात आले. चेहरा पडलेला असेल असं मला वाटलं, पण त्यांना केवढं नवल वाटत होतं.

"माझाच घोटाळा, वैनी. मी रोज खायच्या आधीच पाहून राहिलो होतो."

त्या दिवसापासून बासी बंद. भाजी-वरण पोटभर, भात दुपारी एक वाटी, आणि नळी जेवल्यावर दोन तासांनी. गोळी चुकवायची नाही. हिरव्याच्या पुढे रंग गेला की भात आणखी कमी. दिवाळीपर्यंत जखम सुकली, अंगठा वाचला. मला तर घरचंच कुणी बरं झाल्यासारखा आनंद झाला.

रिटायर होऊन ते गावी गेले. बऱ्याच वर्षांनी त्यांची बायको, आमची वहिनी, भेटली. भाऊजी गेल्याचं तिनेच सांगितलं. शेवटी शेवटी अंथरुणावर होते, तरी नळी सोडली नव्हती म्हणे. एके दुपारी वाटीभर भात संपवून त्यांनी पुन्हा ताट पुढे केलं.

"म्हणाले, आज वाढ पोटभर. आज मले काही पाहाचं नाही," वहिनी म्हणाली. "तवाच मले समजलं."

तिने वाढला. भाऊजी सावकाश, सगळा जेवले.