कॅलेंडर तपासले, ठीक

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटरचं सगळं बघते, तिथं मागच्या महिन्यात पुन्हा ठरलं, की ऑफिसचं ईमेल सॉफ्टवेअर बदलायचं. साहेब म्हणाले, “मागच्या वेळी तुम्हीच निवडलं होतं ना? तेव्हाचा तपासणीचा तक्ता काढा.” काढला. एका रकान्यात माझंच वाक्य होतं: कॅलेंडर तपासले, ठीक.

ते खोटं आहे. तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा दुष्काळाची वर्षं होती. जुन्या सॉफ्टवेअरला दर माणसामागं दर वर्षी लायसन्स लागायचं, आणि शहरासारखीच आमची माणसंही वाढत चालली होती. साहेबांनी फुकट मिळणारं ओपन सोर्स बघायला सांगितलं. एका जुन्या मशीनवर मी तीन प्रकार लावून पाहिले. एकाची मेल मोबाइलवर यायची नाही. दुसरं बघूनच अकाउंट्सवाल्यांनी नाकं मुरडली. तिसऱ्यात मेल, पत्ते, कॅलेंडर सगळं एकत्र होतं. ते मला आवडलं, नुसतं फुकट म्हणून नाही. कुणाची परवानगी न घेता आत काय चाललंय ते उघडून बघता येतं, याचंच मोठं अप्रूप होतं. आणि तेच मी बघितलं नाही.

जुन्या कॅलेंडरातल्या एकदाच होणाऱ्या मीटिंगा नव्यात नीट उतरल्या होत्या. ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदी तपासायच्या राहिल्या होत्या. त्या दिवशी सिडकोत आमच्या घरच्या नळाला पाणी यायचं होतं. हुकलं की पुढचे पाच दिवस बोंब. मी ‘ठीक’ लिहिलं आणि बस गाठली.

तशा नोंदी अख्ख्या ऑफिसात एकाच माणसाच्या होत्या. प्रशासनात एक वयस्कर गृहस्थ होते, खुलताबादहून रोज घाट उतरून स्कूटरवर यायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. कँटीनचे पाण्याचे टँकर त्यांच्याकडं. दर तिसऱ्या दिवशी टँकर, आणि आदल्या दिवशी फोन केला नाही तर टँकरवाला दुसरीकडं जायचा. फोनची आठवण त्यांच्या स्क्रीनवर यायची. शिवाय लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही होती, तीत ते तेच पुन्हा लिहीत.

“बेटी, माझे टँकर येतील ना या नव्या डब्यात?”

“येतील चाचा. आणि ती वही आता बंद करा. दोन ठिकाणी लिहिलं की घोळ होतो.”

“वही कधी हँग नाय होत,” ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती खरंच घरी ठेवली. माझ्या शब्दावर.

नव्या सॉफ्टवेअरवर पहिल्या टँकरची आठवण वेळेवर आली. पुढची आलीच नाही. दुपारी कँटीनच्या टाकीचा तळ दिसला, दिवसपाळीची माणसं जेवणाविना बसली, आणि आरडाओरडा सुरू झाला.

मी माझ्या टेबलावरून चाचांचं कॅलेंडर उघडलं. पहिली नोंद, पुढं सगळं कोरं. मी घाईघाईनं सगळी मालिका पुन्हा भरली, पहिल्या तारखेपासून. त्यामुळं आदल्या दिवसाची नोंदही तिथं उमटली. आपण फक्त दुरुस्ती करतोय, असं मी मनाला सांगत होते.

दहा मिनिटांत साहेब चाचांच्या स्क्रीनपुढं उभे.

“ही काय नोंद, चाचा! कालचीच तर आहे. डोळे कुठं होते?”

चाचांनी चष्मा पुसून तारीख पुन्हा वाचली. मग हळू म्हणाले, “व्हय साहेब. हाये. इसरलो असंन.”

मी दारात उभी होते. तिथूनच माझ्या टेबलाकडं परत वळले.

चाचांच्या वडिलांना म्हातारपणी स्वतःची गल्ली सापडत नव्हती, हे त्यांनीच आम्हाला कधीतरी सांगितलं होतं. टँकरचं काम त्यांच्याकडून काढलं, आवक-जावक रजिस्टरवर बसवलं. महिन्याभरात त्यांनी स्कूटर विकली. “घाटात कुठं चाललो तेच इसरलो तर?” असं हसून सांगायचे. निवृत्तीपर्यंत बसनं आले. निरोपसमारंभात मी टाळ्या वाजवल्या.

तक्ता सापडला त्याच्या पुढच्या रविवारी खुलताबादला चाचांच्या घरी गेले. चाची दारात होत्या. आत दारामागं, गॅसजवळ, चिठ्ठ्या चिकटवलेल्या: कुलूप लावलं? गॅस बंद? मी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नोंद नव्हती, मी तपासली नव्हती, नंतर मीच भरली.

चाचांनी विचारलं, “म्हंजे त्या दिवशी माझ्या स्क्रीनवर कायच नव्हतं?”

“नव्हतं.”

“सुनी क्या?” त्यांनी आत हाक मारली. “मैं भूला नहीं था.”

“मैं तो तभीच बोली थी,” चाची म्हणाल्या. “पर तुम मेरी कब सुने? मशीन की सुने.” माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. चहाचंही विचारलं नाही, आणि ते मला बरंच वाटलं.

चाचा रागावतील म्हणून मी वाट बघत होते.

“आता इसरतो मी बेटी,” ते म्हणाले. “आता खरंच लई इसरतो. पण तवा नव्हतो इसरत.” मग उठून फडताळातून ती लाल वही आणली. “लिहून दे. परवा मला हे बी आठवणार नाय.”

शेवटची नोंद टँकरचीच होती, मी वही बंद करायला सांगितली त्या दिवशीची. तिच्याखाली मी लिहिलं: जो टँकर चुकला, त्याची नोंद स्क्रीनवर नव्हती. चूक माझी. चाचा विसरले नव्हते.

चाचींनी वही हातात घेतली, मला पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं, आणि बोट ठेवून म्हणाल्या, “नीचे सही कर.”