दिल्लीला गेलेलं दाजींचं कार्ड

माझ्या दाजींचं एक पोस्टकार्ड बहात्तर सालापासून दिल्लीत आहे. ते तिथं कसं गेलं हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस मी आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, म्हाताऱ्या आईला नाही, आणि दाजींना तर नाहीच नाही. मी मुळात कमी बोलणारा. (लोकांना वाटतं स्वभाव आहे. स्वभाव नव्हे, धास्ती आहे!)

त्या साली आमच्याकडं पाऊस आला नाही, पिनकोड आला.

तेलगावच्या अलीकडचं आमचं गाव. विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि अख्खं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. बाबा, आई, शांताक्का आणि मी, आम्हा चौघांचीही नावं हजेरीपटावर होती. पैकी खडी तिघंच फोडत. मी मॅट्रिक झालेला, म्हणून गावच्या सोसायटीच्या हापिसात चेअरमन आबांच्या हाताखाली बसायचो. सोसायटीत काम म्हणाल तर काहीच नव्हतं. पीक नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून वसुली नाही. मी दिवसभर रेडिओवरची धूळ पुसायचो.

एके दिवशी त्याच रेडिओवर बातमी लागली. पोस्टानं देशभर नवी पद्धत आणली आहे, पत्त्यात आता सहा आकडी नंबर लिहायचा. एवढं सांगितलं आणि रेडिओचे सेल संपले. शहाण्या माणसानं पुढचं पोस्टमनला विचारलं असतं. मी उरलेली बातमी स्वतःच तयार केली.

"आबा, सरकारनं दर घराला नंबर काढलाय. आता गाव, तालुका, जिल्हा काय बी लिवायचं न्हाई. नाव आन नंबर, बास! पत्र थेट उंबऱ्यात!"

"आन नंबर कोण देणार?"

इथं "मला माहीत नाही" एवढं म्हटलं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण नवा मॅट्रिक झालेला माणूस हे शब्द उच्चारू शकत नाही. मी म्हणालो, "सोसायटी."

आणि ते सगळ्यांना पटलं! कारण आमच्याकडं माणूस ओळखला जायचा तोच सोसायटीच्या सभासद नंबरानं. खताला नंबर, बियाण्याला नंबर, आता दुष्काळात रेशनला नंबर, हजेरीला नंबर. मग पोस्टानंच काय पाप केलं होतं? प्रश्न एकच होता, सभासद नंबर सहा आकडी कसा करायचा. मी म्हणालो, शून्यं लावू. आबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "फुडं लावलेल्या शून्याला किंमत नसती. मागनं लाव."

आबांचा सभासद नंबर एक. मागून पाच शून्यं. एक लाख! आबांनी मला त्या दिवशी चहा पाजला. साखर घालून!

दोनच दिवसांत घोटाळा झाला. मेंढरंवाला भिवा. त्याचा सभासद नंबर दहा. दहावर चार शून्यं.

"का बे," आबा कडाडले, "मेंढरंवाल्याचा आन माझा नंबर एकच कसा?"

"आबा, तुमच्याला पाच शून्यं लावल्यात. त्याला चारच."

"लिवल्यावर दिसतंय का ते?"

"न्हाई."

"मग?"

शेवटी भिवानं आपला नंबर बारीक अक्षरात लिहावा असं ठरलं. भिवाला लिहिताच येत नव्हतं, त्यामुळं त्यानं लगेच मान्य केलं.

आमच्या बाबांचा सभासद नंबर एकशेदहा. तीन शून्यं लावून एक लाख दहा हजार. आबांपेक्षा दहा हजारांनी जास्त! बाबा दोन दिवस खडी जरा ऐटीतच फोडत होते.

नेमकं त्याच वेळी शांताक्काचं लग्न ठरवायचं चाललं होतं. वडवणीकडचं स्थळ, मुलगा शाळेत मास्तर. दुष्काळात पगारी जावई म्हणजे आमच्या दारात कॅनॉल येण्यासारखं! बाबांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं: मुलगी बघायला कधी येता ते चार दिवस आधी कळवावे. मी खाली आपल्या मनानं जोडलं: यापुढे पत्त्यात फक्त नाव व ११०००० हा नंबर लिहावा, गाव लिहिल्यास पत्र मागे पडते. (गाव लिहिल्यास पत्र मागे का पडावं, हे मला आजही सांगता येणार नाही.)

अक्कानं मामानं घेतलेली जांभळी साडी काढली आणि इस्त्रीसाठी ट्रंकेखाली दाबून ठेवली. आईला बजावून सांगितलं, "कार्ड आलं की म्या कामावर येणार न्हाई. ही खडीची धूळ निघायलाच दोन दिस लागतेत. एकदाच बघतेत माणसाला, तवा तरी तोंड दिसू दे माझं."

आणि कार्डाची वाट बघणं सुरू झालं.

कार्ड आलं नाही. कुणाचंच काही आलं नाही! गावानं पुण्यामुंबईच्या सगळ्या पावण्यारावळ्यांना मोठ्या हौसेनं नवे नंबर कळवले होते. पोस्टमन रिकामी पिशवी हलवत यायचा आणि तशीच हलवत जायचा.

"पाऊस न्हाई, पाणी न्हाई," बाबा म्हणाले, "आता पत्रं बी आटली काय रं?"

"दुष्काळच लई मोठा हाय, बाबा," मी म्हणालो.

मग तो दिवस उजाडला. मी सोसायटीत डुलक्या घेत होतो. दारात चार माणसं उभी राहिली. पुढं काठी टेकत एक वयस्कर, मागं एक तरणा. पँट, बुशशर्ट, खिशाला पेन!

"किसनराव कुठं भेटतील? घराला कुलूप हाय त्यांच्या."

किसनराव म्हणजे आमचे बाबा. खिशाला पेन लावलेला माणूस दुष्काळात बाबांना कशासाठी शोधेल? हजेरी तपासायला! आणि हजेरीपटावर माझंही नाव! मी "बसा सायेब" म्हणालो आणि मागच्या खिडकीतून उडी मारून आडवाटेनं थेट कामावर पळालो.

"सायेब आले! तपासणी!"

जी खडी दुपारपर्यंत फुटायची ती त्या घटकेत फुटली. मी कुणाचा तरी हातोडा हिसकावला आणि अक्काशेजारी बसलो. माझ्या मागोमाग ती चौघंही धापा टाकत येऊन पोचली.

"जयभीम. किसनराव तुमीच का? मुलगी कोणती?"

बाबांना वाटलं, हजेरीतली बाई खरोखर हजर आहे का ते विचारतायत. "जयभीम सायेब! ही बघा की! रोज येती, खाडा न्हाई!"

अक्का म्हणजे त्या क्षणी पांढरा पुतळा होता. डोक्याला फडकं, भुवयांवर धूळ, पापण्यांवर धूळ. म्हाताऱ्यानं तिच्याकडं नीट निरखून पाहिलं.

"नाव काय बाई?"

"शांता. हजेरीत लिवलंय की."

"शिक्षण?"

"सातवी. खडीला जास्त लागतं का?"

"सैपाक येतो?"

"येतो. पर हितं खायला सुकडी आयती मिळती, सायेब."

म्हातारा जरा चाचरला. "बरं, चार पावलं चालून दाखवती का?"

आता मात्र अक्का भडकली. खडीनं शिगोशीग भरलेली पाटी उचलून तिनं डोक्यावर घेतली, ताडताड ढिगापर्यंत गेली, परत आली आणि सगळी पाटी त्या तरण्याच्या पायाशी रिकामी केली! त्याची पँट गुडघ्यापर्यंत पांढरी झाली. "झालं समाधान? दिसते का लंगडी?"

तरणा हसला. सायबानं हसावं याचा अक्काला आणखीच राग आला.

"भाऊ किती तुला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"एक. ह्यो बघा. हजेरीवर रोज असतो, कामावर आज पयल्यांदाच आलाय!"

मी घाईनं हातोडा मारला. तो खडीवर पडला नाही, अंगठ्यावर पडला. माझ्या बोंबेत पुढचं वाक्य जवळजवळ बुडालंच.

"किसनराव, आमचं कार्ड पोचलं न्हाई का? आज मुलगी बघायला येतो म्हणून लिवलं हुतं."

सगळे हातोडे थांबले.

"कसलं कार्ड?" बाबा म्हणाले.

अक्कानं स्वतःच्या हातांकडं पाहिलं, मग पदराकडं, मग त्या पांढऱ्या पँटीकडं. आणि रिकामी पाटी डोक्यावर उपडी घालून ती मटकन खाली बसली.

"माझी पसंती हाय," तरणा म्हणाला.

पाटीतून आवाज आला, "मला अजून तोंड धुयाचंय!"

लग्न झालं. पुढं पोस्टमननं सांगितलं की आमच्या गावाला आणि आसपासच्या गावांना मिळून नंबर एकच आहे. "म्हंजे सगळ्यांचा आन माझा एकच?" म्हणून आबा आठ दिवस सोसायटीत आले नाहीत. मी सांगितलं, सरकारनं नंबर बदलले. सगळ्यांना लगेच पटलं. सरकार या शब्दाचा तेव्हा लई आधार होता.

नंतर बीडला एका सहकारी संस्थेत मला कारकुनी मिळाली. तिथं भिंतीवर पिनकोडाचा तक्ता होता. एकदा वाचता वाचता कळलं, सुरुवातीला एकावर एक, म्हणजे अकरा, आले की दिल्ली. मी बाबांचा नंबर आठवला: एक, एक आणि मागं चार शून्यं. मग पाणी प्यायलो. मग पुन्हा प्यायलो.

अक्कादाजींचा संसार तसा गोडीचा. पण भांडण कशावरूनही सुरू होवो, मीठ, पंखा, पोरांची फी, ते शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतं.

"न सांगता आलते तुमी! मुद्दाम! धुळीत बघायला!"

"कार्ड टाकलंतं! आमच्या दादांनी लिवलं, म्या माझ्या हातानं पेटीत टाकलं!"

"मग गेलं कुठं?"

मग दोघंही माझ्याकडं वळतात. "तूच सांग रे, आलंतं का कार्ड?"

"न्हवतं आलं," मी म्हणतो. (यात एक अक्षर खोटं नाही!)

अक्का जिंकते, दाजी मान खाली घालतात, आणि खरं बोलणारा भाऊ म्हणून माझ्या ताटात पुरणाची आणखी एक पोळी पडते. कार्ड लिहिणारे दादा, म्हणजे दाजींचे वडील, आता नाहीत. पत्ता काय लिहिला होता हे सांगणारं माणूस उरलं नाही, म्हणून माझं फावलं. यंदाच्या जयंतीला तर दाजी हळूच म्हणाले, "कुणास ठाऊक, टाकलं का न्हाई. माझ्याच ध्यानात न्हाई आता." त्या दिवशी पोळी घशाखाली उतरेना. (उतरली. पण तूप जास्त लागलं.)

ती जांभळी साडी अक्काच्या ट्रंकेत अजून घडीसकट आहे. दुसऱ्या कुठल्याही प्रसंगाला ती तिनं नेसली नाही. म्हणते, ज्या कामाला होती ते काम झालंच नाही.

हे सगळं लिहून मी दाजींच्या नावानं पाकिटात घातलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं, तालुका, जिल्हा, राज्य, सगळं लिहिलं. पिनकोडच्या सहा चौकोनांपाशी आलो आणि पेनाला टोपण लावलं. पाकीट परत खिशात घातलं. आता हातानंच नेऊन देणार आहे.

दाजींना "कार्ड तुम्ही टाकलं होतं" हे एक वाक्य मी देणं लागतो. आणि अक्काला एक दिवस, ज्या दिवशी तिनं तोंड धुऊन, जांभळी साडी नेसून बसावं, आणि दाजींनी चार दिवस आधी कळवून यावं.