कपासकट शर्यत

आमच्या घोडपदेवच्या चाळीत मूल जन्माला यायचं ते नर्सबाईंची सायकल दारात लागल्यावरच. त्याआधी यायची कुठल्याही मुलाची छाती नव्हती. बाई म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात होत्या. नऊवारीचा घट्ट काष्टा, दांडीची पुरुषी सायकल आणि हँडलला लटकणारी औषधांची पिशवी. हळू चालवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ट्रामचे रूळ त्या अशा तिरक्या कापत की बघणाराच डोळे मिटून घेई. वडील एकदा म्हणाले, "बाई, जरा दमानं." तर पायडलवरचा पाय न काढता उत्तर आलं, "मूल येतंय काय दमानं?"

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे ते दिवस. आमच्या मंडळाने सायकल शर्यत जाहीर केली. पुरुषांनी लालबाग, परळ करून परत यायचं. पहिल्याला हा एवढा कप. बायकांसाठी चाळीच्या चौकातच 'स्लो सायकलिंग'. जी सगळ्यांत शेवटी पोचेल ती जिंकली, आणि तिला कुंकवाचा करंडा. बाईंनी सेक्रेटरींना जिन्यातच गाठलं.

"काय हो, मोर्च्यात लाठ्या खायला बाया पुढं, आणि सायकल म्हटली की चौकात? तुम्हाला महाराष्ट्र मुंबईसकट पाहिजे ना? मला शर्यत कपासकट पाहिजे."

"अहो बाई, पण बायकांत सायकल येते कुणाला?" सेक्रेटरी म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी पुरुष रस्त्याला लागले आणि चौकात बायकांची शिट्टी झाली. इतर दोघी डुगडुगत उभ्या. बाई मात्र चौकातून सुटल्या त्या थेट फाटकाबाहेर, पुरुषांच्या मागे. परत आल्या तेव्हा पुढे फक्त दोन गडी होते. मंडळाने बराच खल करून निकाल दिला: बायकांत बाद, आणि पुरुषांत नावच नाही.

बाई भांडल्या नाहीत. ज्यांची बाळंतपणं केली होती, त्या घरांतल्या लेकीसुनांना त्यांनी एकेक करून सायकलवर बसवलं. बाईंना नाही म्हणायची कुठल्या घराची टाप होती? रूळ कसे कापायचे ते माझ्या ताईला त्यांनीच शिकवलं, तेही शिव्या घालून. पुढच्या वर्षी मंडळाला बायकांची शर्यत रस्त्यावर काढावीच लागली, आणि करंड्याऐवजी कपही ठेवावा लागला. आदल्या दिवशी बाईंनी कचेरीत दोन्ही कप मागवले, पुरुषांचा पाण्याने भरला आणि बायकांच्या कपात ओतला. पाणी टेबलभर झालं. "सांडलं की नाही?" एवढंच त्या म्हणाल्या. सेक्रेटरी कप बदलून आणायला गेले.

शर्यत ताईने जिंकली. परळच्या वळणावर तिने रूळ तिरके कापले आणि बाईंना मागे टाकलं. दुसऱ्या नंबराला बक्षीस नव्हतं. एवढ्या खटपटीचा कप दुसरीच्याच हातात गेलेला पाहून मला फार वाईट वाटलं, आणि ते आजही वाटतं. ताई रडतच कप घेऊन बाईंच्या खोलीत गेली आणि त्यांच्यापुढे धरला.

"मला कशाला?" घाम पुसत बाई म्हणाल्या. "पाणी आण त्यातनं."

ताईने काठोकाठ भरून आणलं. बाईंनी कप दोन्ही हातांनी धरला, एका दमात रिकामा केला आणि परत दिला.

"आता पुरेसा आहे," त्या म्हणाल्या.