कमलताईंचा हेवा

कमलताईंकडे शिकायला जाताना मोबाइल चपलांपाशी ठेवावा लागे. त्यात सूर दाखवणारं ॲप असतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी त्याच्याशी उभा दावा मांडला होता. "माही सवत भाईरच ठेवजो," असं दारातच बजावायच्या.

ताई कारंज्यात नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. रुद्रवीणा त्या वडिलांकडून शिकल्या. दोन भोपळ्यांचं ते जुनं वाद्य आमच्या भागात दुसऱ्या कुणाकडे असल्याचं मी ऐकलं नाही. मी धनजच्या शाळेत शिक्षिका. रविवारी एसटीने त्यांच्याकडे जायची. कितीतरी महिने त्यांनी मला वीणेला हात लावू दिला नाही. भिंतीकडे तोंड करून बसवत, मागे एक तार छेडत, खुंटी किंचित पिळत, पुन्हा छेडत. चढली की उतरली, ते मी सांगायचं. चुकलं तर रागावत नसत. पुन्हा तीच तार. "बोटं मंग शिकतीन. आदी कान घरचा झाला पाह्यजे." एकदा शाळेच्या गॅदरिंगची तालीम आटोपून गेले, तर कीबोर्ड ऐकून आलीस म्हणून त्यांनी मला तशीच परत पाठवलं.

मग एका रविवारी त्यांनी जुळवलेल्या वीणेत पंचम उतरलेला निघाला. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, नाही, पंचम बरोबर लागला आहे. मी खुंटी थोडी पिळली. त्यांनी वरच्या भोपळ्याला कान लावून ऐकलं, बराच वेळ ऐकलं, आणि वीणा बाजूला ठेवली. अकोल्याच्या डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. त्यात तार पत्र्यावर आपटल्यासारखी वाजते म्हणून त्यांनी ते डबीत घालून ठेवलं.

त्यानंतरही तार त्याच छेडत आणि मला विचारत, पण आता ती माझी परीक्षा नव्हती. मी जपून उत्तर द्यायची. एक दिवस त्यांनी वाजती तार तळव्याने दाबली.

"हे कान म्या घडवले. अन् आता तुले आयकू येते, मले नाही. तू अशी आयकत बसली का माह्यं पोट जळते पोरी. शिकाले येऊ नको आता."

मी तरी जात राहिले. चहा व्हायचा, शाळेची चौकशी व्हायची; वीणेवरची खोळ मात्र निघाली नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई वारल्या. वीणा मालेगावच्या भाचीकडे गेली. ती वाजवत नाही. तिने ती बैठकीत टीव्हीशेजारी ठेवली आहे. मी भेटायला गेले आणि तारा जरा लावून देऊ का, असं विचारलं. ती संकोचली. मावशी बजावून गेली म्हणाली.

"काय बजावलं?"

"राग मानू नका बाई. म्हणे, कोनालेबी पाहू देजो, हात लावू देजो. पण त्या धनजच्या बाईले जुळवू देऊ नको. तिच्या हातानं सुरात आली, तं मले तिकडंबी चैन पडनार नाही."

इतक्या वर्षांत माझा कान चांगला आहे असं ताई एकदाही म्हणाल्या नव्हत्या. माझे डोळे भरून आले. भाचीला वाटलं, मला लागलं. माझी समजूत काढायला तिने तारांवरून कौतुकाने बोट फिरवलं. सगळ्या तारा उतरल्या होत्या, प्रत्येक वेगळी उतरली होती. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि ऐकत बसले.