शाळेत गेलेलं हँडल

आता माझ्या फजितीचं काय सांगू! ऐकताना हसायचं असेल, तर चहाचा घोट आधी गिळून घ्या. हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा जिचे कान लाल होतात, त्या मी एकदा भर वर्गात उभं राहून भाषण ठोकलं.

सगळा दोष भूगोलाच्या बाईंचा. निदान माझं मत तसं आहे.

त्या दिवशी त्या जुन्या धंद्यांबद्दल शिकवत होत्या. म्हणाल्या, "पूर्वी गावोगाव लोहार असत. विळे, कोयते, नांगराचे फाळ करीत. आता कारखाने आले आणि लोहार नाहीसे झाले. लिहून घ्या."

नाहीसे झाले! आणि हे त्या सांगत होत्या तेव्हा खिडकीतून काय ऐकू येत होतं? ठण्, ठण्, ठण्! माझ्या अण्णांचा घण! आमची भट्टी शाळेच्या मागेच, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. त्या आवाजामुळे बाईंना अक्षरशः ओरडून सांगावं लागत होतं, की लोहार नाहीसे झाले!

मी लिहून घेतलं. करते काय? पण इतकं दाबून लिहिलं, की पेन्सिलीचं टोकच मोडलं.

म्हणे विळे-कोयते! घाटात ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे मोडतात, ते कुणाकडे येतात? अण्णांकडे. मिठागरातल्या पंपाचा दांडा वाकला, भाताच्या गिरणीचा खिळा तुटला, की कोण धावत येतं, आणि कुणाकडे? मुंबईहून माल येईस्तोवर कामं थांबतात होय? अण्णा मोडका तुकडा हातात धरतात, उलटासुलटा करतात आणि तसाच दुसरा घडवून देतात. वर त्यावर छिन्नीनं बारीकशी चांदणी मारतात. ती त्यांची खूण. आमच्या उलथन्यावर चांदणी, विळीवर चांदणी, दाराच्या कडीवर चांदणी. लहानपणी मी आईला विचारलं होतं म्हणे, "माझ्या पाठीवर पण आहे का गं?"

तर संध्याकाळी मी धुमसत भट्टीवर गेले. अण्णा चहा प्यायला गेले होते. फळीवर इंजिनाची दोन हँडलं पडली होती.

इंजिनाचं हँडल तुम्ही पाहिलंच असेल. जाड सळई, दोनदा वाकवलेली. एक टोक हातात धरायचं, दुसरं इंजिनात अडकवायचं आणि दम लावून फिरवायचं. मग इंजिन पुक् पुक् करायला लागतं. हँडल नसेल तर इंजिन म्हणजे नुसतं ओझं.

दोन्हींपैकी एक हँडल काळंकुट्ट, खपल्या धरलेलं, चुलीतून ओढून काढलेल्या लाकडासारखं. आणि दुसरं? अहाहा! चांदीची वस्तू म्हणून देव्हाऱ्यात ठेवावं इतकं तुकतुकीत!

मी मनाशी म्हटलं, हे काळं म्हणजे कुणाचं तरी जुनं, मोडीत आलेलं. चकाकतं ते नवं, अण्णांनी केलेलं. नवा तांब्या चकाकतो, नवं नाणं चकाकतं, मग नवं हँडल नको चकाकायला? अण्णांना विचारायचं होतंस, असं म्हणाल. विचारायचं? मी? अण्णांना?

सकाळी अण्णा आंघोळीला गेले, तेव्हा मी ते हँडल आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि शाळेत नेलं.

काय वजन होतं हो त्याचं! बाईंनी वर्गात पाऊल टाकलं आणि ते बाकावरून सुटलं. धाडकन्!

"कुसुम! काय आहे ते?"

"हँडल."

"कसलं हँडल?"

"इंजिनाचं. आमच्या अण्णांनी केलेलं."

माझ्या पुढच्या बाकावरची मंदा मागे वळली. तिच्या मामांची मोटार आहे, आणि हे वर्गाला रोज एकदा तरी कळतंच. "काहीतरीच काय! असं गुळगुळीत हँडल विलायतेहून येतं. मामांच्या मोटारीचं अस्संच आहे."

बाईंनी हँडलावरून बोट फिरवलं. "कुसुम, खरं सांग हं. हे कारखान्यातलं दिसतंय."

आणि मग माझं डोकं फिरलं. मी हँडल दोन्ही हातांनी वर उचललं आणि बोलायलाच लागले. लोखंड तापून केशरी झालं की कसं वाकवतात, घण कुठे आणि हातोडी कुठे मारतात, ट्रकवाले कसे भट्टीपाशी रांग लावतात, सगळं! "लोहार नाहीसे झाले म्हणता, मग हा आवाज कुणाचा?" असंसुद्धा विचारलं. बाईंना! मी!

वर्ग चिडीचूप. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तुमच्या आलं असेल लक्षात. माझ्या नाही आलं. रोज घणाच्या जोडीला नानांच्या भाताच्या गिरणीचं पुक् पुक् असतं. आज ते नव्हतं. आणि 'हा आवाज कुणाचा' असं मी विचारलं, तेव्हा घणसुद्धा बंद होता!

बाई मात्र चांगल्या निघाल्या. "शाबास! आम्हाला ठाऊकच नव्हतं. मंदा, बघ जरा—" असं म्हणताहेत तोच दार खाडकन् उघडलं.

दारात गिरणीवाले नाना, घामाघूम. त्यांच्यामागे अण्णा, हातात ते काळं हँडल. त्यांच्यामागे भात कांडायला आलेली ओवे गावची एक म्हातारी, पदर खोचून.

"सापडलं!" नाना ओरडले. "अहो, पोरीनं माझी गिरणी उचलून शाळेत आणली!"

"कुसुम," अण्णा म्हणाले, "अगं, त्याचं इंजिनात अडकायचं तोंड झिजलंय म्हणून नाना ते मापाला ठेवून गेले होते. मापाशिवाय नव्याचं तोंड करू कसं? सगळी भट्टी पालथी घातली की गं!"

म्हातारी आत डोकावली. "आमी अंधारात घराशी निगालो. गिरनी बंद हाय, तांदूल नाय, घरात पावनं बसल्यान. आनि ही पोर इंजिनाचा हात घेऊन उबी!"

वर्ग खो खो हसायला लागला. माझ्या पायाखालची फरशी सरकली. काळं हँडल नवं. चकाकतं हँडल नानांचं. नानांचं इंजिन विलायती. म्हणजे हँडलही विलायती! लोहाराची पोर मी! भट्टीतून निघालेलं लोखंड काळंच असतं, हे मला ठाऊक नको?

"म्हणजे हे तुझ्या वडिलांनी केलेलं नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई," मी म्हटलं. "ते विलायतेचं आहे. मी चुकले."

"अगं, पण—" अण्णांनी तोंड उघडलं.

"पण नाही नि बिण नाही!" नानांनी एका हातानं हँडल ओढलं, दुसऱ्या हातानं अण्णांना. "आधी इंजिन चालू करू!" आणि तिघं निघून गेली. थोड्या वेळानं खिडकीतून पुक् पुक् ऐकू आलं. एवढा संताप आला मला त्या इंजिनाचा!

पण बाई काय म्हणाल्या माहीत आहे? "मुलींनो, हसू नका. चूक सगळ्यांदेखत कबूल करायला धैर्य लागतं. टाळ्या वाजवा कुसुमसाठी." आणि टाळ्या वाजल्या. शाळेत माझ्यासाठी पहिल्यांदाच. मंदानं तर दोन जास्तच वाजवल्या.

संध्याकाळी अण्णा हातपाय धुऊन आत आले. मला वाटलं, आता धपाटा.

"काय गं, ते हँडल विलायतेचं, हे तुला कुणी सांगितलं?"

"नानांच्या इंजिनाचं ना?"

"विलायतेचं केव्हाच मोडलं. तू लहान होतीस तेव्हा. हे मीच करून दिलं होतं त्यांना. इतकी वर्षं रोज हात फिरतोय, म्हणून चकाकतंय. आज नवं दिलं ना, तेही होईल तसं."

"मग त्याच्यावर चांदणी कुठे आहे?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"आहे की. वाकणापाशी."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी गिरणीत शिरले. जुनं हँडल कोपऱ्यात टेकून ठेवलं होतं. दोन्ही हातांनी उचललं, कालच्यासारखंच. चांदणी दिसेना. मग अंगठा सरकवला. होती! मी भाषणभर जिथे अंगठा दाबून धरला होता, बरोब्बर त्याच्याखाली!

तशीच धावत शाळेत गेले. तास सुरू होताच हात वर केला.

"बाई, ते कालचं हँडल… ते अण्णांनीच केलेलं आहे."

बाईंनी चष्मा काढला. फार वाईट वाटलं त्यांना. "कुसुम, काल एवढं खरं बोललीस, टाळ्या मिळवल्यास. आणि आज पुन्हा?"

मी खाली बसले. आता तुम्हीच सांगा! कालच्या सबंध तासात मी एकच वाक्य खोटं बोलले होते, आणि टाळ्या मिळाल्या त्या नेमक्या त्यालाच!