रविवारी चार वाजता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मैत्रिणीला नाही, मठातल्या स्वामींना नाही. आता सत्तरी उलटली, ज्यांचं नुकसान झालं ती माणसंही राहिली नाहीत. मग आत्ताच का? ठाऊक नाही. तुम्ही ऐकताय, एवढंच.

आमचं घर सोलापुरात, साखर पेठेत. खाली अप्पांचा चादरींचा कारखाना, वर आम्ही चौघं. अप्पा, अव्वा, म्हणजे आई, अण्णा आणि मी. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. अण्णा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी तो कापडाचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेला, लीड्सला.

घरी फोन नव्हता. चार दुकानं सोडून मेहताकाकांचं सुताचं दुकान होतं, तिथं होता. अण्णा पत्रातून आधी कळवायचा, अमुक रविवारी चार वाजता थांबा. मग त्या रविवारी अव्वा सकाळपासून न्हाऊन, इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून तयार. फोनवर तिला कोण बघणार होतं? पण नाही. काका सुताचे गठ्ठे सरकवून सतरंजी टाकायचे. चारचा फोन कधी पाचला यायचा, कधी सहाला. आधी मुंबईची ऑपरेटर बोलायची, मग नुसती खरखर, आणि त्या खरखरीतून अण्णा. तीन मिनिटं. अव्वा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ओरडायची, "ऊटा आत?" म्हणजे जेवलास का? तिचाच आवाज फिरून तिच्या कानात यायचा, तर ती मला म्हणायची, "अगं, तोच मला विचारतोय की, जेवलीस का म्हणून." आणि हसायची. तीन मिनिटं जेवणावरच संपायची. येताना मात्र रस्त्यात भेटेल त्याला सांगत यायची, "आमच्या मल्लूचा फोन आला होता."

ते रविवार मला अजून आठवतात. सुताचा वास, काकांच्या घरून आलेला चहा, अप्पांचं उगाच घसा खाकरणं. त्या दिवसांबद्दलच बोलत राहावंसं वाटतं — कारण पुढचं सांगायचं आहे.

अण्णा गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची. घरात स्थळांचं बोलणं सुरू झालं होतं. आणि त्याच सुमारास अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढावी लागते, एकेक घर रंगवून. त्यावरून भोकं पाडून पुठ्ठ्याची कार्डं करतात, ती मागावर चढतात. अप्पांना ती घरं दिसेनात. एके दिवशी मी म्हटलं, मी काढू? पहिला मोर मीच काढला. नरसय्या आमचा जुना विणकर, घरी तेलुगू बोलणारा. त्यानं मागावरून उतरलेली चादर उजेडात धरली आणि म्हणाला, "अक्का, मोराची मान लई झाक आली हाय." त्या दिवसापासून मी अण्णाच्या टेबलाशी बसायला लागले. अप्पा स्थळांची पत्रं बाजूला ठेवायला लागले. सकाळी जिना उतरताना मी गुणगुणायची, असं अव्वा सांगायची. मला ते कळतही नसे.

दोन वर्षांनी अण्णाचं ते पत्र आलं.

अव्वाला मराठी वाचता येत नव्हतं, अप्पांना दिसत नव्हतं. पत्रं मीच वाचून दाखवायची. आधी मनातल्या मनात, मग मोठ्यानं. अण्णानं लिहिलं होतं, शिक्षण संपलं, इथल्या एका गिरणीत नोकरी मिळतेय, सोमवारी हो-नाही सांगायचं आहे. पण माझं मन इथं लागत नाही. अप्पा नुसतं 'ये' म्हणाले तरी मी येतो, आपला कारखाना बघतो. रविवारी चार वाजता फोन करतो.

आपला कारखाना बघतो.

मी ते तेवढं सोडून वाचलं. थंडीचं वाचलं. त्याच्या घरमालकिणीच्या मांजराचं वाचलं, ज्वारीची भाकरी आठवते ते वाचलं. अव्वा डोळे पुसत म्हणाली, "फोनचं काय लिहिलं न्हाय?"

"न्हाय," मी म्हटलं.

इतकं सोपं असतं ते. तुम्ही म्हणाल, पोरवय होतं, घाबरली असेल. नाही. मला नीट कळत होतं मी काय करतेय. रविवारपर्यंत चार दिवस होते. चार दिवसांत कितीदा सांगता आलं असतं?

रविवारी दुपारी मी मेहताकाकांकडे गेले. सुताचे रंग निवडायचे आहेत, असं सांगितलं. काका जेवून वर आडवे होणार होते, म्हणाले, "बस बेटा, कुणी आलं तर हाक मार." मी फोनशेजारी बसले. दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणूनच बसले होते ना मी! चार वाजले. साडेचार. पाचच्या सुमाराला घंटा वाजली. ऑपरेटरनं अप्पांचं नाव घेऊन विचारलं, आहेत का?

"नाहीत," मी म्हटलं. "गावाला गेलेत."

आणि तिच्या आवाजामागून, फार लांबून — "कोण? शैला का? शैला —"

मी रिसीव्हर ठेवला. थोडा वेळ तशीच उभी राहिले, तो पुन्हा वाजेल म्हणून. वाजला नाही. मग मी खरंच रंग निवडले. जांभळा आणि मोरपंखी.

पुढच्या पत्रात अण्णानं लिहिलं, नोकरी घेतली. फोनचा उल्लेखही नव्हता. ते पत्र मी शब्दन् शब्द वाचून दाखवलं. अव्वा म्हणाली, "एकदा इचारायचं तरी. मी ये म्हटलं असतं की." हे ती पुढं चार वर्षं म्हणत राहिली. भाकरी थापताना, देवापुढं बसल्यावर, आल्यागेल्याजवळ. फोनवर मात्र तीन मिनिटं अजूनही जेवणावरच संपायची. मी शेजारी असायची. कारखाना तोवर माझाच झाला होता.

अव्वा हृदयविकारानं गेली. अण्णा पोचला तो पाचव्या दिवशी. घर रिकामं झाल्यावर, एका संध्याकाळी गच्चीत, त्यानं मला विचारलं. रागानं नाही.

"शैला, त्या रविवारी फोनवर तूच होतीस ना?"

"व्हय."

"मग अव्वा कुठं होती? तिला ठाऊक होतं, मी काय विचारणार होतो ते?"

दार उघडं होतं. तेव्हा तरी सांगायला काय हरकत होती? मी म्हटलं, "ठाऊक होतं. तीच म्हणाली, मी फोनवर आले तर त्याला ये म्हणीन. त्याचं तिकडं चांगलं व्हतंय. शैला, तू जा आणि अप्पा न्हाईत म्हणून सांग. अप्पांना बी तिनं यातलं काय कळू दिलं न्हाय."

अण्णा रडला. माझा हात धरून कितीतरी वेळ रडला. मग शांत झाला — इतका शांत, की मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी परत गेला.

तो पुढं तीस वर्षं तिकडं जगला. तिथंच लग्न, तिथंच मुलगी. तो गेल्यावर त्याची मुलगी मला भेटायला आली. मोडक्या मराठीत तिनं मला तिच्या आजीची गोष्ट सांगितली: पोराचं भलं व्हावं म्हणून आजीनं काळजावर दगड ठेवून त्याचा फोन घेतला नाही. बाबा ही गोष्ट सगळ्यांना सांगायचे, म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी मान हलवली. तिला चहा दिला.

त्या रविवारी अव्वा घरी शेंगा भाजत बसली होती. तिला कुणी हाक मारली असती, तर ती कढई तशीच टाकून अनवाणी धावत आली असती आणि एवढंच म्हणाली असती, ये. मल्लू, ये.